तेरा महिन्यांचं वर्ष

आम्हा वालचंदनगरकरांना साखर कारखाना कुठलाही असो, घरचाच वाटतो. एक्झिम बँकेने इथिओपियाच्या साखर उद्योगाला ६४ कोटी डॉलरचं कर्ज दिलं, त्या काळात मी तिथल्या एका साइटवर होतो. २००९ साली ऑडिटवाले आले. स्टोअरच्या पावत्या चाळताना एकजण थबकला. तारीख ५-५-२००१! माल तर नुकताच आलेला. तो लगेच 'बनावट पावती' असा शेरा लिहायला लागला. म्हातारा स्टोअरकीपर तिथलाच, घामाघूम झाला. सहा माणसांचं घर त्याच्या पगारावर.

"साहेब, पेन थांबवा," म्हणत मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. तिथे वर्षाचे महिने तेरा, आणि साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. ती तारीख म्हणजे १३ जानेवारी २००९. (घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक!) मग गेटचं रजिस्टर मागवलं. ट्रक त्याच दिवशी आत आलेला, वजनही जुळलं. शेरा खोडला गेला. दुसऱ्या दिवसापासून पावतीवर तारखेचे दोन रकाने आले.

संध्याकाळी स्टोअरकीपरने घरी कॉफीला बोलावलं. तिथे एका कपावर भागत नाही. तिसरा घेतल्याशिवाय उठू देत नाहीत.