तापमान १८, मुक्काम पोस्ट मानवत

गावाचं नाव मानवत. पण तिथला उन्हाळा कुणालाच मानवत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर जाऊन बसला, की पुण्या-मुंबईचे नातेवाईक ‘दिवाळीत नक्की येतो’ असं फोनवरच सांगून मोकळे होतात. आम्ही परभणी जिल्ह्यातली माणसं या बाबतीत निगरगट्ट. पण गेल्या फेब्रुवारीत आमच्या चिरंजिवांनी घरात असा एक जीव आणला, की ज्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं आणि २४ च्या पुढे ज्याची प्रकृती ढासळते. म्हणजे आमच्याकडे डिसेंबरात पहाटे दोन-तीन तास जे हवामान असतं, ते त्याला बारा महिने चोवीस तास हवं. या संस्थानिकाचं नाव अ‍ॅक्सोलॉटल.

आईला हे नाव ‘अक्कलकोट’ असं ऐकू आलं. तिने काचेच्या पेटीला आधी हात जोडले आणि मग आत पाहिलं. क्रम उलटा झाला असता, तर त्या जिवाची वस्ती अंगणातच झाली असती. फिकट गुलाबी अंग, पापण्या नसलेले मण्यांसारखे डोळे, मानेच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले, आणि तोंडावर कायमचं हसू. हे हसू आनंदाचं नव्हे. जबड्याची ठेवणच तशी. लग्नात मुलीच्या बापाचं असतं तसं.

“पालीचं पोर दिसतंय की रे,” आई म्हणाली. पण हात जोडून झाले होते. नाव ‘अक्कू’ पडलं.

चिरंजिवांना हा प्राणी माईनक्राफ्ट नावाच्या खेळातून भेटला; तिथे तो २०२१ पासून आहे. त्याच वर्षी मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवरही तो आला. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोचे कालवे हे त्याचं खरं गाव. तिथे तो आता संपत आला आहे. गावात राहायला जागा उरली नाही आणि नोटेवर फोटो आला, हे आपल्याकडेच होतं असं मी समजत होतो. अशा प्राण्याची नोंदही करावी लागते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली सुधारणा झाली, तेव्हापासूनची ही भानगड. मी ‘परिवेश’ पोर्टलवर रीतसर नोंद केली. आमच्या वाड्याच्या वाटण्या अजून कागदावर आलेल्या नाहीत, पण अक्कूचे कागद चोख आहेत.

गांडुळं हा त्याचा आहार. आमचं घर कांदा-लसणापर्यंतच धीट. गांडूळखत करणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून डबाभर गांडुळं आली, तेव्हा सौ.ने तो डबा, चिमटा आणि मला, अशा तिन्ही वस्तू स्वयंपाकघराबाहेर काढल्या. चातुर्मासाचं काय, हा प्रश्न मी आईला घाबरतच विचारला. “त्याचा धर्म त्याच्यापाशी,” ती म्हणाली. माझ्या बाबतीत ती इतकी उदार कधी नव्हती.

पाण्याचा प्रश्न मात्र एप्रिलात पेटला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्याला चालत नाही, पाणी दिवसभर उघडं ठेवावं लागतं. ते सोपं होतं. आमच्या घरी ड्रमांत पाणी शिळं होतच असतं. पण पेटीतला थर्मामीटर २९ वर गेला, कूलर समोर लावला तरी २७. शहरात यासाठी चिलर नावाचं यंत्र मिळतं म्हणे. त्याची किंमत ऐकून आई उठली, माजघरातला रिकामा रांजण घासला, भिजवला, त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि म्हणाली, “घाला त्याला ह्याच्यात.” रांजण पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं, वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. मराठवाड्याची हवा इतकी कोरडी, की हे काम झपाट्याने होतं. पारा २५ वर आला. उरलेले अंश बर्फाच्या बाटल्यांनी उतरवायचे. फ्रीजमधून कुल्फीचे साचे हलले, तिथे बाटल्या आल्या. दर तीन तासांनी एक बाटली बदलायची, रात्रीसुद्धा. सोळा वर्षांपूर्वी चिरंजिवांसाठी दूध कोमट करायला मी अडीच वाजता उठत असे. आता पाणी गार करायला.

एका भर दुपारी सेलूचे मामा आले. आमच्याकडे उन्हातून आलेला माणूस आधी रांजणाकडे जातो, मग यजमानाकडे. मामांनी झाकण काढलं, तांब्या बुडवला, आणि तसेच वाकून राहिले.

“आक्का, ह्याच्यात कोण बसलंय गं?”

“अक्कू आहे,” आई आतून म्हणाली. “तू माठातलं घे.”

मामांनी माठातलंही घेतलं नाही. चहा घेतला, तोही आधी कपात नीट पाहून.

या प्राण्याची खरी गंमत पुढेच आहे. १८६४ साली काही अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसच्या संग्रहालयात पोचले. पुढच्या वर्षी त्यांच्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले गळाले आणि त्यांची जमिनीवर राहणारी सालामांडर झाली. तेव्हा विद्वानांना उमगलं, की ज्याला आपण पूर्ण वाढलेला समजत होतो, तो मुळात बाळच आहे. बेडूकमाशाने बेडूक व्हायचंच नाकारावं आणि तरी संसार करावा, तसा हा प्रकार. पाय तुटला तर नवा फुटतो, अंडीपिल्ली होतात, पण एरवी मोठा म्हणून होत नाही.

आणि आमच्याकडे शहाण्या मुलाला दहावीनंतर लातूरला पोचवतात, कापूस जिनिंगला पोचवतात तसा. निकालाचीही वाट न बघता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिरंजीव गेले. जाताना फ्रीजवर अकरा सूचनांचा कागद चिकटवून गेले. शेवटची सूचना, ‘आजीला विचारा’. रांजणावर वाकून ते बराच वेळ उभे होते. सौ. ट्रंकेत लाडूंचा डबा पुन्हा पुन्हा बसवत होती. तो पहिल्यांदाच बसला होता.

आता रोज रात्री नऊला फोन येतो.

“बाबा, पाणी किती आहे?”

“एकवीस.”

“जास्त आहे.”

सौ. फोन ओढून घेते. “आणि तुझ्या खोलीत रे?”

“पंखा आहे गं.”

सौ. गप्प होते. मग आई खाटेवरून ओरडते, “त्याला म्हणावं, ओला पंचा घेऊन निज. खिडकीलाही गोणपाट लाव.”

“लावतो, आजी. आधी सांग, नऊची बाटली टाकली का?”