ईएफएक्सची जखम

न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात त्याला ईएफएक्स म्हणतात. घराणं अटलांटाचं, १८९९ सालचं. किराणा दुकानदारांसाठी गिऱ्हाइकांची पत नोंदवणारी यादी काढायची, हा मूळचा धंदा: कोण वेळेवर देतो, कोण रेंगाळतो, कोणाला उधार देऊच नये. पुढे त्या यादीत जवळजवळ अख्खी अमेरिका आली आणि कंपनीचं नाव इक्विफॅक्स झालं. ईएफएक्स हा तिचा शेअर. धांदल न करणारा, नेमाने लाभांश देणारा.

२०१७च्या मार्चमध्ये एका सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवणारी दुरुस्ती आली होती. कंपनीत ती एका ठिकाणी बसवायची राहिली. मे महिन्यात तिथूनच चोर शिरले. आतली ये-जा तपासणाऱ्या यंत्राचं प्रमाणपत्र मुदत संपून पडलेलं, त्यामुळे तेही आंधळं. २९ जुलैला ते प्रमाणपत्र बदललं आणि चोरी दिसली. जवळपास १४ कोटी ७० लाख माणसांची नावं, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी नंबर गेले होते.

ईएफएक्सला कुणी सांगितलं नाही. ऑगस्टभर तो आपल्या १४० डॉलरच्या आसपास, नेहमीच्या चालीने. घरात मयत झालेली असावी आणि अंगणातल्या पोराला पत्ता नसावा, तसा.

२८ ऑगस्टची सकाळ मला विसरता येत नाही. कंपनीच्या एका विभागाच्या माहिती-तंत्रज्ञान अधिकाऱ्याला कुणकुण लागली होती. त्याने इंटरनेटवर शोधलं, की एक्स्पेरियन या स्पर्धक कंपनीत २०१५ साली अशीच चोरी झाली तेव्हा तिचा शेअर किती पडला. मग त्याच सकाळी त्याने आपले सगळे स्टॉक ऑप्शन वापरून मिळालेले शेअर विकून टाकले, साडेनऊ लाख डॉलरांहून जास्तीचे. एवढ्या माणसांच्या आयुष्याचे कागद उघड्यावर पडलेले, आणि त्याला पहिला प्रश्न भावाचा पडला. २०१९मध्ये त्याला चार महिन्यांची कैद झाली.

७ सप्टेंबरला बाजार बंद झाल्यावर बातमी जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी ईएफएक्स जवळपास १४ टक्के कोसळला, आठवड्यात ९३ डॉलरवर आला. त्याची भीती खोटी नव्हती. दंड किती, दावे किती, बँका सोडून जातील का, काहीच कळत नव्हतं, आणि न कळणं त्याला सगळ्यात जास्त सोसत नाही.

बँका गेल्या नाहीत. गिऱ्हाईक त्याच होत्या. ज्यांचे नंबर गेले ते लोक गिऱ्हाईक नव्हतेच, ते तर यादीतला माल. त्यांना निघून जायला दारच नव्हतं. ईएफएक्स सावरला तो यामुळे, असं माझं ठाम मत आहे. जुलै २०१९मध्ये भरपाईचा आकडा ठरला, जास्तीत जास्त ७० कोटी डॉलर, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्या सुमारास तो जुन्या भावाला पोचलाही होता. २०२१ सरताना त्याच्या दुपटीच्या वर.

नऊ आकड्यांचा तो सोशल सिक्युरिटी नंबर मात्र माणसाला सहसा एकदाच मिळतो. नोकरीसाठी अमेरिकेत उतरलेल्या आपल्या मराठी मुलामुलींनाही पहिल्या काही आठवड्यांतच तो घ्यावा लागतो, आणि पगार, घरभाडं, गाडीचं कर्ज सगळं त्यावर चालतं. ज्यांचा तेव्हा गेला त्यांतले कित्येक अजून आपली पतनोंद गोठवून ठेवतात. कर्ज काढायचं झालं, की आधी ती उघडायची, काम झालं की पुन्हा बंद करायची. जन्मतारीख तर तीच राहते.