भरपाई

‘भरपाई’ हा शब्द मी पाटी-पेन्सिलीच्या वयापासून ऐकत आलो आहे. आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या डोंगरी भागात. गारा पडल्या की तलाठी येऊन पंचनामा करतो आणि मग वर्षभर पारावर भरपाईच्या गोष्टी चालतात. शेजारच्या वाडीत कोयनेच्या पाण्यात जमिनी गेलेली माणसे आहेत. त्यांच्या तर दोन पिढ्या या एका शब्दाच्या आशेवर जगल्या. पिकाची भरपाई असते, जमिनीची असते, मेलेल्या बैलाचीही असते, हे मला ठाऊक होते. परंतु माणसाच्या शरीराची भरपाई मागायची वेळ आपल्याच घरावर येईल, आणि ती मागताना आपल्याच हातचा एक कागद आपल्यासमोर येऊन उभा राहील, असे कधी वाटले नव्हते.

२०२१ सालचा फेब्रुवारी महिना. मी अकरावीत होतो. वर्ग बहुतेक मोबाइलवरच भरत, त्यामुळे मी घरीच असे. आईच्या डाव्या स्तनात गाठ आली होती. तिने ती दोन-तीन महिने कोणाला सांगितली नाही. दुखू लागली तेव्हा आजीला सांगितली, आजीने आण्णांना. आम्ही तिला शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेलो. सुई घालून गाठीतले थोडे द्रव्य काढले, ते तपासायला पाठवले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आण्णांना आणि मला आत बोलावले. आई बाहेर बाकावर बसली होती.

“कॅन्सर दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “लगेच काढून टाकू. थांबलात तर पसरेल.”

त्या शब्दापुढे आमच्यासारखी माणसे काही विचारत नाहीत. आण्णांनी फक्त “किती खर्च येईल?” एवढे विचारले. सोसायटीचे कर्ज मिळायला वेळ लागला असता, म्हणून आईची बोरमाळ गहाण पडली. चौथ्या दिवशी शस्त्रक्रिया ठरली.

त्या सकाळी नर्सने एक छापील कागद आण्णांच्या हातात दिला. तो इंग्रजीत होता. आण्णांनी तो माझ्याकडे दिला. दहावीला इंग्रजीत मला शहाऐंशी गुण पडले होते आणि गावात त्याचे कौतुक झाले होते. मी ऐटीत पेन काढले. रिकाम्या जागी आईचे नाव, वय, पत्ता लिहिला. मधल्या ओळीत शस्त्रक्रियेचे नाव होते : ‘मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टेक्टमी’. पहिले दोन शब्द मला कळले. तिसरा कळला नाही. नर्स घाई करत होती. आण्णांनी विचारले, “काय लिवलंय?” मी म्हणालो, “गाठ काढायची परवानगी आहे.” आण्णांनी सही केली.

आई तेव्हा पलीकडच्या खाटेवर बसून होती. ती सातवी शिकलेली आहे. तिला सही करता येते. तिला कोणी कागद दाखवला नाही.

शुद्धीवर आल्यावर तिने उजव्या हाताने छातीवरची पट्टी चाचपली. आजीकडे पाहून ती एवढेच म्हणाली, “समदंच काढलं?” आजीने तोंडाला पदर लावला. ‘मॅस्टेक्टमी’ या शब्दाचा अर्थ मला त्या वेळी कळला.

बाराव्या दिवशी, काढलेल्या भागाच्या तपासणीचा अहवाल आला. डॉक्टर हसतमुखाने म्हणाले, “नशीबवान आहात. कॅन्सर निघाला नाही. पेढे वाटा.” आणि आम्ही खरोखरच पेढे वाटले! आण्णांनी अर्धा किलो पेढे आणले, दवाखान्यातल्या नर्सपासून एस.टी.तल्या शेजारच्या प्रवाशापर्यंत सर्वांना दिले. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी आम्ही सुखात होतो, हे कबूल केले पाहिजे.

मे महिन्यात जखम भरेना म्हणून मामाने आईला मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहिले, जुन्या काचपट्ट्या मागवून पुन्हा तपासायला सांगितल्या. ती गाठ क्षयाची होती. क्षय फुप्फुसाप्रमाणे स्तनातही होऊ शकतो, आणि बाहेरून तो कर्करोगासारखाच भासू शकतो. बाईंनी अगदी सहज विचारले, “मग काढलं कशाला?” या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आईने त्या सहा महिने घेतल्या आणि ती बरी झाली. म्हणजे ज्या गोळ्यांनी गाठ विरली असती, त्या गाठ आणि स्तन दोन्ही गेल्यावर घ्याव्या लागल्या. काखेतल्या गाठीही काढल्यामुळे तिचा डावा हात सुजतो. भरलेली कळशी तिला उचलवत नाही. भाकरी ती आता एका हाताच्या जोरावर थापते.

मामाच्या ओळखीने आम्ही साताऱ्याच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम आमचा राग शांतपणे ऐकून घेतला आणि मग म्हणाल्या, “एक गोष्ट आधी समजून घ्या. निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झाला, असं कायदा मानत नाही. चांगल्यातला चांगला डॉक्टरही चुकू शकतो. साधारण कौशल्याच्या डॉक्टरने जेवढी काळजी घ्यायला हवी, तेवढी यांनी घेतली का, एवढाच प्रश्न असतो.” सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हीच कसोटी सांगितली आहे, असे त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्यांचा रागच आला. वाटले, या कोणाच्या बाजूच्या?

त्यांनी आम्हाला दवाखान्यातून आईची संपूर्ण फाइल लेखी अर्ज करून मागायला सांगितले. रुग्णाने मागितल्यास ७२ तासांच्या आत कागदपत्रे दिली पाहिजेत, असा २००२ सालापासून डॉक्टरांना लागू असलेला नियम आहे. दवाखान्याने आधी टोलवाटोलवी केली. अर्जात त्या नियमाचा उल्लेख केल्यावर चौथ्या दिवशी झेरॉक्स मिळाल्या. त्यात सुईच्या तपासणीचा मूळ अहवाल होता. शेवटची ओळ अशी होती : कर्करोगाचा संशय, बायोप्सी करून खात्री करावी. गाठीचा लहानसा तुकडा काढून तपासायचा, एवढीच ती गोष्ट. ती केली असती तर चार-आठ दिवस गेले असते. ती केली गेली नाही आणि आम्हाला सांगितलीही गेली नाही.

वकीलबाईंनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. “आता बोलू,” त्या म्हणाल्या. “खात्री करायचा साधा मार्ग समोर लिहिलेला असताना तो टाळला, ही आपली केस.” मग दुसरा कागद पुढे ओढून त्यांनी विचारले, “हे अक्षर कुणाचं?” ते माझे होते.

मित्रहो, आपल्यापैकी पुष्कळांना कदाचित ठाऊक नसेल म्हणून थोडी माहिती सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली आला. पैसे घेऊन उपचार करणारा डॉक्टरही त्याच्या कक्षेत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सांगितले. आताचा कायदा २०१९ सालचा. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क पडत नाही. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचा अभिप्राय हवाच असे नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. त्या प्रकरणात मलेरिया असताना टायफॉइडचे उपचार झाले होते आणि रुग्ण स्त्री दगावली होती. हे सगळे वाचताना मला वाटे, कायदा तर आपल्या दाराशी उभा आहे. पण दारातून आत यायला त्याला किती वेळ लागतो, हे पुढे कळले.

तक्रार दाखल करण्यापूर्वी एक मध्यस्थ आमच्या घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, डॉक्टर दोन लाख द्यायला तयार आहेत. फक्त पुढे काही तक्रार करणार नाही असे लिहून द्यावे लागेल. मामा म्हणाला, “घेऊन टाका. कोर्टाची पायरी कुणाला चुकलीय?” आण्णा गप्प होते. आई चुलीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “त्यास्नी म्हणावं, पैसं ऱ्हाऊ द्या. आमचं चुकलं, एवढं एका कागदावर लिवून द्या.” मध्यस्थ चपापले. तसे लिहून देता येत नाही, तो पुरावा होतो, असे ते म्हणाले. “मंग माझ्याकडनं कशापायी लिवून घेता?” आईने विचारले. ते उठून गेले.

ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. तिच्यासोबत नुकसानीचा तक्ता जोडायचा होता. तो मी तयार केला. दवाखान्याचे बिल, औषधे, जाण्यायेण्याचे भाडे, बोरमाळेवरचे व्याज, खुरपणीची बुडालेली मजुरी. हे सगळे सोपे होते. मग घरातल्या कामाचा रकाना आला. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले होते, असे वकीलबाईंनी सांगितले. मी आईला विचारले, “तू दिवसभरात काय काय करतेस?” ती हसली आणि म्हणाली, “काय करती? काय बी न्हाई.” मग मीच एक दिवस वही घेऊन तिच्या मागे फिरलो. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत सत्तावीस कामे झाली. सतरा वर्षे त्या घरात राहून मी ती कधी मोजली नव्हती. शेवटचा रकाना ‘शारीरिक व मानसिक त्रास’ हा होता. त्यात किती आकडा लिहावा, हे मला आजही सांगता येणार नाही. वकीलबाईंनी तो लिहिला.

कायद्यात अशा तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, आणि तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत लावावा, असे म्हटले आहे. आमच्या तक्रारीला दोन वर्षे तीन महिने लागले. तारखेच्या दिवशी आण्णांची मजुरी बुडे. कधी समोरचे वकील नसत, कधी अध्यक्ष रजेवर असत. आई प्रत्येक तारखेला येई. चांगले लुगडे नेसून, सुजलेला हात पदराखाली झाकून मागच्या बाकावर बसे. तिला तिथे कोणी काही विचारत नसे.

मधल्या काळात समोरच्या बाजूने लेखी प्रश्नावली आली. त्यात एक प्रश्न माझ्यासाठी होता : ‘संमतीपत्र आपणच भरले व वडिलांना वाचून दाखवले, हे खरे आहे काय?’ वकीलबाई म्हणाल्या की घाबरण्याचे कारण नाही. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असताना संमती तिचीच घ्यावी लागते, नातेवाइकाची चालत नाही, हे २००८ सालीच न्यायालयाने सांगितले आहे. शिवाय तू तेव्हा अज्ञान होतास. कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांच्या आतला. मला मात्र तो शब्द साध्या अर्थानेच लागला.

त्या रात्री मी आईला पहिल्यांदा सगळे सांगितले. तो शब्द मला कळला नव्हता, आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली होती, हेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “खरं हाय न्हवं? मंग खरं हाय म्हून लिव. त्यांनी लिवलं न्हाई, आपुन तरी लिवूया.” मी उत्तर लिहिले : होय, खरे आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये निकाल लागला. आमची तक्रार अंशतः मंजूर झाली. साडेसात लाख रुपये व त्यावर व्याज देण्याचा आदेश झाला. मामाने रक्कम ऐकून टाळी वाजवली. घरी आल्यावर आई म्हणाली, “त्यात काय काय लिवलंय ते समदं वाच.” निकाल इंग्रजीत होता. मी ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची, असे दोन तास चालले. ‘बायोप्सीने खात्री न करता व रुग्णाची स्वतःची संमती न घेता शस्त्रक्रिया केली, ही सेवेतील त्रुटी होय,’ या वाक्याशी तिने मला थांबवले.

“तुरटी म्हंजी?”

“त्रुटी, आई. म्हणजे उणीव. चूक.”

“मंग चूक असंच का न्हाई लिवलं?” ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “ती ओळ परत वाच.” रकमेची ओळ तिने परत वाचायला सांगितली नाही.

समोरच्या बाजूने राज्य आयोगाकडे अपील केले आहे. त्यासाठी त्यांना निम्मी रक्कम भरावी लागली. ती आमच्या हाती आलेली नाही. बोरमाळ मात्र आण्णांनी यंदा उसाच्या पैशातून सोडवून आणली. डॉक्टरांविषयी माझ्या मनात आता पहिल्यासारखा द्वेष नाही. आईला बरे करणाऱ्याही डॉक्टरच होत्या. चार दिवस थांबून खात्री करून घेणे त्यांना जमले नाही, तसे चार मिनिटे थांबून एक शब्द विचारणे मलाही जमले नाही. त्यांच्या चुकीची भरपाई कायद्याने ठरवली. माझ्या चुकीची कोणी ठरवलेली नाही.

गावातली माणसे हल्ली माझ्याकडे कागद घेऊन येतात. बँकेचे, दवाखान्याचे, विम्याचे. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, आणि ज्याचा कागद त्यालाच समोर बसवून वाचतो. एखादा शब्द अडला तर स्पष्ट सांगतो, “मला कळत नाही.” त्या सकाळी हे तीन शब्द मी बोलायला हवे होते.