रगडा

पहाटे नाशिक रोडच्या तोफखाना केंद्राकडून कवायतीच्या आरोळ्या आल्या. शेजारचा पोरगा अग्निवीर. दुसरीकडच्या केंद्रातून सुटीवर आलाय. तिथला रगडा हसत सांगतो: चूक एकाची, फ्रंट रोल अख्ख्या तुकडीला. घाम गाळल्याशिवाय सैनिक घडत नाही, हे मलाही पटतं. पण उस्तादाचा हात उठला तर? सेना अधिनियम, १९५० चं कलम ४७ आहे. हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. पोरानं ते ऐकलेलंही नव्हतं. (त्याला कोण सांगणार म्हणा!) आणि ठाऊक असून तरी काय? चार वर्षांनी चारातला फार तर एक कायम होणार. तोवर तक्रारखोर म्हणून नाव कोण लावून घेईल?