चूक पायलटची, घाई माझी

आजची नोंद जरा वेगळी आहे.

तूर फुलोऱ्यात, शेंगाही धरायला लागलेल्या. अळी दिसली. तूर डोक्याच्या वर गेलेली, पंप घेऊन आत शिरायची सोय नाही. म्हणून गावातल्याच एका पोराचा ड्रोन बोलावला. दहा लिटरची टाकी, कर्ज काढून घेतलेला.

पोरानं बांधावरून फिरून नकाशा आखला. कोपऱ्यात विजेचा खांब आहे, तेवढा भाग त्यानं सोडला. चार एकर तासाभरात उरकलं. मी म्हणालो, "अरे, कोपरा राहिला की! पैसे तर पूर्ण एकराचे घेतोस."

तो म्हणाला, "काका, तिथं तार आहे."

"तार वर आहे, तू खालून घे ना."

त्यानं ड्रोन हातानं चालवायला घेतला. ऊन समोरून डोळ्यावर. वरची तार त्यानं चुकवली, पण खांबाचा तिरपा ताण दिसलाच नाही. पंखा तारेला लागला आणि ड्रोन गरागरा फिरत तुरीत कोसळला.

मी धावलो. पोरानं दंडाला धरून मागं ओढलं, "काका थांबा! बॅटरी पेट घेते." पेटली नाही, नशीब. पण टाकी फुटली. ड्रोनला पाणी कमी, म्हणून द्रावण दाट असतं. सांडलं तिथली झाडं तिसऱ्या दिवशी करपली.

पोरगं एवढंच म्हणालं, "चूक माझीच. रिमोट माझ्या हातात होता." कागदावर तसंच लिहिलं जाईल. पण त्याला नको त्या कोपऱ्यात ढकललं कुणी? दुरुस्तीचा निम्मा खर्च मी दिला. तो नको म्हणत होता.

विमानातून फवारणी पहिल्यांदा झाली १९२१ साली, अमेरिकेत ओहायोमध्ये. आता शंभर वर्षं उलटली, पण फवारणीची विमानं आजही तारांना धडकतात. तिथं आत माणूस बसलेला असतो. आपल्याकडं माणूस बांधावर असतो, म्हणून आपण फार सैल वागतो.

मी काय शिकलो ते सांगतो :

१) आदल्या दिवशी पायलटसोबत शेत फिरा. खांब, ताण, झाडं, बोअरची केबल बोटानं दाखवा. ताणाला हात न लावता शेजारी कापड बांधलेली काठी रोवा.

२) बॅटरी उतरली की ड्रोन आपोआप माघारी येतो. ती परतीची उंची झाडं-तारांपेक्षा जास्त लावली का, ते उड्डाणाआधी विचारा.

३) वारा सुटला की थांबा.

४) पायलट "नको" म्हणाला की विषय संपला.

तो कोपरा दुसऱ्या दिवशी मी पाठीवरच्या पंपानं, कडेकडेनं मारला. वीस मिनिटं लागली. एवढ्यासाठीच घाई केली होती.