नकाशांतील रेघ

धारणीस आम्हीं पुष्कळ वर्षें मुलांकडून भारताचा नकाशा काढविला. काश्मीरची सीमारेषा तुटक काढणाऱ्या एका कोरकू मुलास एकदां छडीही मारली.

परवां परदेशांतून नातवानें तेथील गूगलच्या नकाशाचें चित्र धाडलें. तींत तीच रेषा तुटक! आमच्या येथें मात्र ती अखंड दिसते. भारतीय सर्वेक्षण विभागाशीं विसंगत नकाशा प्रसिद्ध करणें १९६१ च्या कायद्यान्वये, १९९० च्या दुरुस्तीनंतर, येथें दंडनीय आहे. म्हणून देशागणिक रेषा बदलते.

आमच्या वऱ्हाडाचें तरी काय होतें? १९०२ च्या करारानें स्वामित्व निजामाचें, अंमल इंग्रजांचा!

रेषा आमचीच, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु आम्हीं रेषा शिकविली, तिचा वाद शिकविला नाहीं. त्या मुलाची क्षमा मागणें राहिलें आहे.