तेरेखोलच्या तीरावर

भूगोलाच्या तासास आम्ही वर्षानुवर्षे मुलांस असे सांगत आलो की, पर्वत व नद्या या सृष्टीनेच आखून दिलेल्या सरहद्दी होत. हे वाक्य आम्ही इतक्या वेळा फळ्यावर लिहिले होते की, त्याविषयी शंका घेण्याचे आम्हास कधी कारणच पडले नाही. ती शंका आमच्या एका विद्यार्थ्याने घेतली.

सहलीच्या निमित्ताने पुण्याहून निघून आंबोली घाटाने आम्ही सावंतवाडीस उतरलो आणि पुढे गोव्यातील केरी येथे फेरीबोटीत बसलो. सह्याद्रीत उगम पावून बांद्यावरून वाहत येणारी तेरेखोल नदी येथे समुद्रास मिळते. दक्षिणेस गोव्याचा पेडणे तालुका, उत्तरेस महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा. समोर उत्तर तीरावरच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला दिसत होता, आणि तो मात्र गोव्याचा! "सर, नदी जर सरहद्द, तर किल्ला पलीकडे कसा?" त्या मुलाने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

परत आल्यावर आम्ही इतिहास चाळला. हा किल्ला सावंतवाडीच्या सावंतांनी सतराव्या शतकात बांधला. १७४६ साली पोर्तुगीजांनी तो घेतला, आणि नदीकाठची सरहद्द टेकडीस वळसा घालून गेली. ही रेघ तरवारीने आखलेली होती.

१९४७ साली हिंदुस्थान स्वतंत्र झाला, तेव्हा या लहानशा नदीच्या दोन तीरांवर दोन सत्ता समोरासमोर उभ्या राहिल्या. माणसे मात्र पूर्वीपासूनच एकमेकांची बोली जाणणारी व एकमेकांशी सोयरीक करणारी. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली निःशस्त्र सत्याग्रही या किल्ल्यात शिरले व त्यांनी तेथे तिरंगा फडकाविला. लवकरच ते पकडले गेले. किल्ल्याच्या आत संत अँथनीचे चर्च आहे. राज्यकर्त्यांचा धर्म तोच सत्याग्रहींच्या नायकाचा. तथापि धर्म एक म्हणून अन्याय सोसावा, असे त्यास वाटले नाही, हे आम्हा ख्रिस्ती शिक्षकांस विशेष मननीय वाटते.

पुढील वर्षी आमच्या पुण्यातील गोवा विमोचन सहायक समितीच्या वतीने सेनापती बापट व ना. ग. गोरे यांच्यासारखे लोक सरहद्द ओलांडून गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी तर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने ही गोष्ट मान्य करून भारताशी पुन्हा संबंध जोडले, त्यास १९७४ साल उजाडावे लागले. ज्या पाण्यापाशी एके काळी बंदुका रोखलेल्या होत्या, त्याच पाण्यावरून आमची मुले शेंगा खात, गाणी म्हणत पार झाली.

तो विद्यार्थी आता वरच्या वर्गात गेला आहे. परंतु उत्तराचे ऋण आमच्या माथी होते. म्हणून एके दिवशी त्याच्या वर्गात जाऊन, आमचे जुने वाक्य चुकीचे होते, असे आम्ही सर्वांसमक्ष सांगितले. नदी ईश्वराने दिली. सरहद्द माणसांनी केली. तेव्हा शेजाऱ्याशी सलोख्याने वागून तिची धार बोथट करणे हेही माणसांच्याच हाती आहे. हल्ली फळ्यावर आम्ही हेच लिहितो.